बारा जणींचा गुडघा

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. हे पहिल्यांदा म्हणणारा माणूस एखाद्या छोट्या कॉलेजातला क्रीडाशिक्षक असणार, अशी धम्मपाल हिवराळे सरांची पक्की खात्री होती. बजाजनगरच्या टोकाला, कंपन्यांच्या कुंपणाला खेटून उभ्या असलेल्या विनाअनुदानित कॉलेजात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. पगार चार-चार महिने लांबायचा. आला की त्यातला थोडा बुटांत, थोडा पट्ट्या-मलमात आणि थोडा केळ्यांत जायचा. या पदरमोडीबद्दल ते घरी फारसं बोलत नसत, कारण घरी ऐकून टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं.

कॉलेजात खेळ म्हणाल तर एकच उरला होता, मुलींचा खो-खो. क्रिकेटला किट लागतं, बास्केटबॉलला कोर्ट लागतं. खो-खोला दोन खांब आणि माती लागते, आणि माती फुकट होती. संघात बारा जणी. बहुतेकींचे बाप कंत्राटावर कामगार, आया कुठंतरी पॅकिंगला. घरात पाणी भरून, भाकरी टाकून पोरी सहाला मैदानावर हजर असत, आणि ज्या दिवशी हजर नसत त्या दिवशी सर त्यांच्या घरासमोर हजर असत.

पण खेळ मातीत झाला तरी स्पर्धेला जायला पैसा लागतोच. प्रवेश फी, गाडीभाडं, दोन दिवसांचं खाणं, अंगावरचे कपडे. विद्यार्थ्यामागं दीडशे रुपये क्रीडा शुल्क जमायचं. कॉलेजात नऊशे पोरं होती तेव्हा त्यात भागत होतं. आता जेमतेम तीनशे उरली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संस्थेच्या मंडळींनी हात वर केले होते. ‘तुमचं तुम्ही बघा,’ असं त्यांनी सांगितलं, आणि हिवराळे सर गेली आठ वर्षं आपलं आपण बघत आले होते.

त्यांनी काढलेली वाट अशी. श्रावण संपत आला की पैठण, गंगापूरकडच्या गावांत सणावाराला खुल्या स्पर्धा भरतात. कुस्त्या, कबड्डी, आणि हल्ली मुलींचा खो-खोसुद्धा. रोख बक्षीस असतं. सर पोरींना घेऊन चार-पाच गावं करायचे, दोन-तीन ठिकाणी जिंकायचे आणि मिळालेला पैसा क्रीडा निधीत भरायचे. त्यावर वर्षभराचा खेळ चालायचा. कॉलेजचा संघ असा बक्षिसासाठी गावोगाव नेणं नियमात बसत नव्हतं. सगळ्यांना हे ठाऊक होतं. प्राचार्यांनाही ठाऊक होतं, फक्त कागदाला ठाऊक नव्हतं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पैठणकडच्या एका गावात अंतिम सामना होता. बक्षीस एकवीस हजार. आदल्या रात्री पाऊस येऊन गेला होता. सरांनी सामन्याआधी मैदानावर फेरी मारली, बुटाच्या टाचेनं माती दाबून पाहिली. वरून वाळली होती, खालून ओली होती. अशा मातीत पाय रुतून बसतो आणि अंग पुढं जातं, हे त्यांना सव्वीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं. त्यांनी पंचांना म्हणायला पाहिजे होतं, आम्ही खेळत नाही. पण एकवीस हजार म्हणजे विद्यापीठाच्या स्पर्धेचं येणं-जाणं आणि खाणं होतं. ते काही बोलले नाहीत.

अपेक्षा गोर्डे ही दुसऱ्या वर्षाची पोर. बाप सोमनाथ वाळूजला कंत्राटावर. संघात तिच्यासारखी पळणारी दुसरी नव्हती. पाट्यांवर बसलेल्या पोरींमधून ती अशी वळणं घ्यायची की पाठलाग करणारीचा हात रिकामाच फिरायचा. शेवटच्या डावात तिनं सलग चार मिनिटं काढली. पाचव्या मिनिटाला खांबाजवळ वळताना तिचा उजवा पाय मातीत राहिला आणि ती वळली. एक आवाज आला, वाळकी काडी मोडल्यासारखा. सामना जिंकून झाला होता. टाळ्या चालूच होत्या आणि अपेक्षा जमिनीवर पडून गुडघा धरून ओरडत होती.

गावकऱ्यांनी तिला खुर्चीवर बसवून उचललं. ट्रॉफीबरोबर फोटो काढला, तोही तिच्यासकट. माणसं वाईट नव्हती, त्यांनी जाताना जीप दिली, वरून पाचशे रुपये दिले. त्या गाडीत बारा पोरी आणि एक ट्रॉफी होती.

उस्मानपुऱ्यातले हाडांचे डॉक्टर कधीकाळी कबड्डी खेळलेले होते. त्यांनी एमआरआयचा फोटो वर धरून पाहिला आणि सांगितलं, की गुडघ्यातला अस्थिबंध तुटलाय, ऑपरेशन लागेल, आणि लवकर लागेल. नाही केलं तर चालेल ती, पण पाय दगा देत राहील. जिना उतरताना, ओझं उचलताना, कधीही. सगळी सवलत धरून त्यांनी एक लाख पाच हजारांचा आकडा सांगितला.

सोमनाथ गोर्डे तिथंच बाकावर बसला.

“सर, रेशनकार्डात हिचं नाव अजून गावाकडंच हाये, भावाच्या कार्डावर,” तो म्हणाला. “सरकारी योजनेत बसंना. कागद हलवायला दोन-तीन महिने म्हणू राहिले. काय करावं?”

“बघतो मी,” सर म्हणाले. “तुम्ही कामावर जा.”

बघतो म्हणणं सोपं असतं. त्यांनी दोन कंपन्यांचे उंबरे झिजवले. तिथं गोड बोलले, चहा दिला आणि मोठ्या संस्थांनाच मदत करायचं धोरण आहे असं सांगितलं. जुन्या खेळाडूंना फोन केले. त्यातल्या निम्म्या जणी स्वतःच कुणाच्या तरी घरी हात पसरून राहत होत्या, त्यांना मागायला सरांची जीभ रेटेना. शेवटी ते प्राचार्यांच्या दालनात गेले.

प्राचार्य शिवराज बोरनारे वाईट माणूस नव्हते. दोन बाजूंनी चेपले जाणाऱ्या माणसाचा जो स्वभाव होतो तो त्यांचा झाला होता. टेबलावर तालुक्याच्या बातम्यांचं पान पडलं होतं आणि त्यात ट्रॉफी, पोरी, आणि खुर्चीवर पाय लांब करून बसलेली अपेक्षा होती. खाली कॉलेजचं नाव.

“हे छापून आलं नसतं तर कॉलेजात सराव करताना पडली असं लिहून विम्याचा कागद धाडला असता,” बोरनारे म्हणाले. “आता ती पण सोय राहिली नाही. हिवराळे, लिहून द्या की ती स्वतःच्या मनानं गेली होती. हमीपत्र आहेच आपल्याकडं.”

हमीपत्र होतं. दरवर्षी प्रत्येक पोरीच्या बापाची त्यावर सही घेतली जायची. ‘खेळताना कोणतीही इजा झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ हे वाक्य हिवराळे सरांनीच लिहिलं होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तेव्हाच्या प्राचार्यांनी सांगितलं म्हणून. वाक्य झोकात जमलं म्हणून ते तेव्हा खूशही झाले होते. आज ते वाक्य त्यांच्यावरच उलटलं.

“ती तिच्या मनानं नाही गेली. मी नेली,” ते म्हणाले. “माती ओली आहे हे मला दिसलं होतं. क्रीडा निधीत किती आहेत?”

“तुम्हाला माहीत नाही का?”

“एक लाख सात हजार.”

बोरनारेंनी चष्मा काढला. “ते वर्षभराचे आहेत. खेळाडूच्या उपचारावर खर्च करायला ठराव होईल, मी करून घेईन. पण मग यंदा संघ जाणार नाही, हे समजून बोला. संघ नाही गेला की संस्थेला कारणच सापडलं. मैदान लग्नाच्या लॉनला द्यायचा विषय मागच्या बैठकीत निघालाय. तुमची नोकरी चौदा महिने राहिली. तुमच्या जागी माणूस घेणार नाहीत. एकदा ते खांब उपटले की परत रोवायला कुणी येणार नाही. एका पोरीसाठी हे सगळं मोडायचं का, ते तुम्ही ठरवा.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. सर बाहेर येऊन पायरीवर बसले. समोर मैदान होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी या मातीतले खडे हातानं वेचले होते, उन्हाळ्यात टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करून पाणी मारलं होतं. इथून गेलेल्या चार पोरी आज पोलिसात होत्या, एक रेल्वेत होती. हे मोडू नये असं त्यांना फार वाटत होतं. पण त्याहून जास्त त्यांना ती टाच आठवत होती, माती दाबून पाहणारी, आणि नंतर गप्प बसलेलं आपलं तोंड. ते उठले, आत गेले आणि निधी उपचाराला द्यायच्या कागदावर सही केली.

सोमनाथला त्यांनी सांगितलं, की विमा मंजूर झाला. तो माणूस दुसऱ्या दिवशी अर्धा किलो पेढे घेऊन आला.

“विमावाल्यांना माझ्याकडून द्या, सर,” तो म्हणाला. “लई उपकार झाले त्यांचे.”

सरांनी पेढे घेतले. विमावाले कुठले शोधायचे, त्यांनी ते संघातल्या पोरींना वाटले आणि त्याच बैठकीत त्यांना खरं सांगितलं. पेढा हातात घेऊन अकरा जणी ऐकत होत्या. यंदा प्रवेशिका भरायची नाही. पैसे अपेक्षाच्या ऑपरेशनला दिले. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही.

राजनंदिनी वाघचौरे कर्णधार होती, शेवटच्या वर्षाला. कॉलेजांच्या स्पर्धेतून निवडल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या संघात मागच्या साली ती राखीव होती, यंदा तिची जागा पक्की मानली जात होती. तिथं खेळून पदक मिळालं असतं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांवर तिला अर्ज करता आला असता. हे तिनं सरांना कितीदा तरी सांगितलं होतं, आणि सरांनीच तिच्या डोक्यात ते भरवलंही होतं.

“सर, मग माझं काय?” तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“कळतंय मला.”

“कळतंय तर मग? पुढल्या वर्षी मी कॉलेजात नसंन. ही पोरगी दुसऱ्या वर्षाला हाये, हिला अजून टाइम हाये. मला नाय.”

“तिचा पाय आहे, नंदिनी.”

“आणि माझं?” ती म्हणाली. “माझं काय पायापेक्षा कमी हाये?”

“ठरलंय,” सर म्हणाले.

त्यांच्या मैदानावर ‘ठरलंय’ म्हटल्यावर पुढं बोलायची रीत नव्हती. पहिला पाठलाग घ्यायचा की पळायचं, कुणी आधी पळायचं, कुणाला डब्यातली दुसरी भाकरी मिळायची, सगळं सर ठरवत आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवत. राजनंदिनीनं पेढा कागदात परत ठेवला आणि ती चालू लागली. त्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. रस्त्यात दिसली तर मान फिरवून जायची. हळूहळू बाकीच्याही यायच्या बंद झाल्या. स्पर्धाच नाही तर पहाटे उठायचं कशाला? सरांनी कुणाच्या घरासमोर जाऊन हाक मारली नाही. तोंड नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. सर दोनदा भेटायला गेले, मोसंबी दिली, पाच मिनिटं बसले. अपेक्षा संघाबद्दल विचारायची आणि सर म्हणायचे, चाललंय. एका हंगामात एवढं खोटं ते उभ्या आयुष्यात कधी बोलले नव्हते.

दिवाळीनंतर, ज्या सकाळी विद्यापीठाची स्पर्धा सुरू होणार होती, त्या सकाळी सर नेहमीप्रमाणे सहाला मैदानावर गेले. दुसरं काय करणार? हातात खराटा होता. एका खांबाजवळची पानं गोळा करत होते, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सोमनाथ उतरला, मग त्याला धरून अपेक्षा उतरली. अंगात कॉलेजचा निळा टी-शर्ट, एका हातात काठी, खांद्याला पिशवी.

“हिनं डोकं खाल्लं सर,” सोमनाथ हसत म्हणाला. “म्हणती, टीमला टाटा करायला जायचं. गाडीत जागा असंन तर बाकावर बसून बघीन म्हणती. मी आज हाफ डे टाकला. येऊ का परत घ्यायला?”

सरांच्या हातात खराटा तसाच राहिला. अपेक्षानं मैदानाकडं पाहिलं. पाट्यांच्या रेघा पुसल्या होत्या, मधल्या पट्ट्यात गवत उगवलं होतं. आठ-दहा दिवस कुणी खेळलं नाही तर गवत येत नाही, दोन महिने लागतात. हे खो-खो खेळणाऱ्या पोरीला सांगावं लागत नाही.

“टीम कुठंय?” तिनं विचारलं.

सरांनी खराटा खांबाला टेकवला.

“सर, टीम कुठंय? गाडी गेली का?”

“यंदा नाही गेलो आपण.”

तिनं बापाकडं पाहिलं. त्याला काही कळत नव्हतं. मग तिनं स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं, पट्ट्याकडं, काठीकडं. पोर हुशार होती. हिशेब जुळायला तिला फार वेळ लागला नाही.

“विमा नव्हता,” ती म्हणाली.

“नव्हता.”

सोमनाथनं तोंडावर हात ठेवला. “अरे देवा,” एवढंच तो म्हणाला, आणि फाटकाला टेकला.

“नंदिनीताईला ठाऊक होतं?”

“सगळ्यांना ठाऊक होतं. मीच सांगू नका म्हणलो.”

“ती रोज घरी येऊ राहिली सर,” अपेक्षा म्हणाली. “रोज संध्याकाळी. माझा पाय वर-खाली करून घेती, डॉक्टरनं सांगितला तसा. वीस येळा, तीस येळा. मी रडले की वरडती. यातलं एक दिवस काय बोलली नाय.”

सरांना हे माहीत नव्हतं. ज्या पोरीनं दोन महिने त्यांच्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, ती रोज संध्याकाळी त्यांनी विकत घेतलेला गुडघा हलता ठेवत होती.

“मला इचारलं असतं तर मी नगं म्हणले असते,” अपेक्षा म्हणाली.

“म्हणूनच नाही विचारलं.”

“मला नका इचारू. पण त्यांना तर इचारायचं ना, सर.” ती आता रडत होती आणि तरी नीट बोलत होती. “त्या व्हय म्हणल्या असत्या. अकराच्या अकरा. नंदिनीताई पण. भांडली असती, चार दिवस तोंड फुगवलं असतं, आणि व्हय म्हणली असती. तुम्ही इचारलंच नाय. त्यांनी दिलं असतं ते तुम्ही काढून घेतलं.”

सव्वीस वर्षांत कुठल्या खेळाडूनं त्यांना असं ऐकवलं नव्हतं. त्यांना राग यायला पाहिजे होता, तो आला नाही. त्यांना फक्त अकरा हातांतले पेढे दिसले, आणि आपण ‘ठरलंय’ म्हटलेलं ऐकू आलं. पोरींच्या जिवावर संघ चालवला, पोरींच्या घामाचे पैसे निधीत भरले, आणि ते पैसे कशाला द्यायचे हे त्यांना विचारावं असं आपल्या मनातसुद्धा आलं नाही. आपण पुण्य केलं असं दोन महिने वाटत होतं. ते पुण्य आपलं नव्हतंच.

“चल,” ते म्हणाले.

राजनंदिनीचं घर पाच मिनिटांवर, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत होतं. अपेक्षाच्या चालीनं वीस मिनिटं लागली. सोमनाथ मागून पिशवी घेऊन येत होता. राजनंदिनी दारात भांडी घासत होती. तिनं तिघांना येताना पाहिलं, अपेक्षाचा रडलेला चेहरा पाहिला, आणि सगळं उमजून ती उभी राहिली. हात राखेनं भरलेले.

“कुणी सांगितलं हिला?”

“मैदानानं सांगितलं,” सर म्हणाले. “नंदिनी, मी चुकलो. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.”

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“आता विचारून उपयोग नाही, मला कळतं.”

“उपयोग नाय,” राजनंदिनी म्हणाली. “तरी इचारा.”

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या होत्या. सोमनाथ मान खाली घालून होता. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला एकवीस वर्षांच्या पोरीसमोर उभं राहून बोलायला जड जात होतं, आणि ती वाट बघत होती.

“निधीत एक लाख सात हजार आहेत,” ते म्हणाले. “तुम्ही सगळ्यांनी कमावलेले. ते अपेक्षाच्या पायाला दिले तर यंदा संघ जाणार नाही. तुझी भरतीची संधी जाईल. कदाचित मैदानही जाईल. देऊ का?”

राजनंदिनी अपेक्षाच्या गुडघ्याकडं बघत राहिली. तिला काय काय आठवत असेल ते तिचं तिला ठाऊक. खाकी कपडे, बापाची शिफ्ट, पहाटेची ती सगळी वर्षं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण हात राखेचे होते.

“द्या,” ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, “पण माझं गेलं ते गेलंच, सर. ते मी इसरणार नाय.”

“विसरू नको,” सर म्हणाले.

तिनं बादलीत हात बुडवले, धुतले, आणि अपेक्षाला आत न्यायला पुढं झाली. उंबरा उंच होता.

“डावा पाय आधी,” राजनंदिनी म्हणाली. “कितीदा सांगितलं तुला.”